नाशिक महापालिकेचा नगरसेवक: आधी कोणती कामं हाती घ्यावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महापालिकेची निवडणूक लढवणाऱ्यांसाठी आहे, आणि निवडून दिलेल्या माणसाला दारात थांबवून हिशेब विचारणाऱ्यांसाठीही. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. नाशिकला आणखी कमानी, आणखी सभामंडप आणि आणखी कारंजी नकोत. नळ, गटार, घंटागाडी आणि रस्ता हे चार रोजचे व्यवहार धड चालवून घेणारा आणि त्यावरच्या प्रत्येक रुपयाचा कागद मागणारा माणूस हवा. खालची सगळी उत्तरं याच बाजूने दिली आहेत.

नगरसेवकाच्या हातात नेमकं असतं तरी काय?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी, आणि बरेच नगरसेवक वापरतात त्यापेक्षा जास्त.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. महापौर सभागृहाचे अध्यक्ष असतात, पण अभियंत्याला थेट आदेश देण्याचा अधिकार त्यांनाही नाही, नगरसेवकाला तर नाहीच. नगरसेवकाचं बळ तीन जागी असतं. पहिली महासभा: ती दरमहा व्हावी लागते, धोरण, कर आणि अंदाजपत्रक तिथे ठरतं. दुसरी स्थायी समिती: १६ सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, आणि मोठ्या निविदांची मंजुरी तिच्या हातात असते. तिसरी प्रभाग समिती. नाशिकमध्ये पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर असे सहा विभाग आहेत. त्या त्या विभागातले नगरसेवक प्रभाग समितीत बसतात आणि विभागाच्या कामांचा आढावा घेतात.

या तिसऱ्या जागेकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. महासभेत शंभरावर सदस्य असतात, दोन मिनिटं बोलायला मिळाली तरी खूप. प्रभाग समितीत मात्र पाण्याचा, बांधकामाचा आणि आरोग्याचा विभागीय अधिकारी समोर बसलेला असतो. त्याला मागच्या बैठकीचं इतिवृत्त दाखवून ‘हे का झालं नाही’ असं विचारता येतं. बैठकीला न जाणारा नगरसेवक हा अधिकार फुकट घालवतो. मतदारांनी हजेरीपट जरूर मागावा.

मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली. तिथून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, कारभार प्रशासकांकडे होता. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच खुर्चीत गेले. कामं थांबली नाहीत, पण त्यांवर उघड प्रश्न विचारण्याची जागा बंद झाली. सभागृह असूनही कोणी प्रश्न विचारत नसेल, तर प्रशासकाच्या काळात आणि या काळात फरक तो काय राहिला?

एका प्रभागात चार नगरसेवक. मग जबाबदार कोण?

चौघंही. अ, ब, क, ड या आरक्षणाच्या आणि मतदानाच्या जागा आहेत, भूगोलाचे तुकडे नाहीत. ‘तुमची गल्ली माझ्याकडे येत नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. २०१७ मध्ये ३१ प्रभागांतून १२२ सदस्य निवडले गेले होते. त्यातले २९ प्रभाग चारसदस्यीय आणि दोन तीनसदस्यीय होते.

याचा व्यवहारातला तोटा असा, की चांगल्या कामाचं श्रेय चौघं घेतात आणि तुंबलेल्या गटारीला वाली कोणी नसतो. उपाय सोपा आहे. चौघांनी पहिल्याच महिन्यात विषय वाटून घ्यावेत आणि ते लेखी जाहीर करावेत: एकाकडे पाणी व मलनिस्सारण, एकाकडे रस्ते व पथदीप, एकाकडे कचरा व आरोग्य, एकाकडे शाळा, उद्यानं व आरक्षित भूखंड. पक्ष वेगळे असले तरी हे करता येतं. तक्रार मात्र चौघांनाही पाठवा.

माझी तक्रार महापालिकेची आहे की दुसऱ्या कोणाची?

आधी हे ओळखलं तर महिनाभराचे हेलपाटे वाचतात. वीजवाहिनी, डीपी (वीज वाटपाची पेटी) आणि लोंबकळणाऱ्या तारा महावितरणच्या, पण रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा. वाहतूक नियमन शहर पोलिसांच्या वाहतूक शाखेचं. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे; म्हणून द्वारका चौकासारख्या ठिकाणी एकट्या महापालिकेने ठराव करून काही सुटत नाही, तिथे संयुक्त बैठक आणि तिचं लेखी इतिवृत्तच लागतं. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतीतल्या काही सुविधा एमआयडीसीकडे. देवळालीचा लष्करी भाग छावणी मंडळाकडे, भगूरची स्वतंत्र नगरपालिका. धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय जलसंपदा विभागाचा.

‘हे आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा. तोंडी नकार आणि लेखी नकार यांत फार अंतर असतं.

महापालिकेकडे पैसा येतो कुठून? घरपट्टी कमी करण्याचं आश्वासन खरं मानायचं का?

जकात गेली, २०१३ मध्ये एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, आणि जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकेला दरमहा भरपाई अनुदान देतं, त्यात दरवर्षी आठ टक्के वाढ धरलेली असते. म्हणजे उत्पन्नाचा मोठा हिस्सा आता मंत्रालयातून येतो. स्वतःच्या हातात उरतात घरपट्टी, पाणीपट्टी, नगररचनेचं विकास शुल्क, गाळ्यांची आणि जागांची भाडी.

घरपट्टीचं गणित असं: क्षेत्रफळाला ठरलेल्या दराने वार्षिक भाडं काढायचं, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे, उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर कराची टक्केवारी लागते. नाशिकमध्ये १ एप्रिल २०१८ पासून नव्या मिळकतींसाठी हे दर वाढवले गेले आणि त्यावरून मोठा वाद पेटला. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच आकाराच्या दोन घरांना नोंदणीच्या तारखेवरून वेगवेगळी घरपट्टी बसते. ‘घरपट्टी कमी करू’ असं म्हणणाऱ्या उमेदवाराला विचारा: दर कमी करणार, की टक्केवारी? जुन्या-नव्यांतला फरक कसा भरणार? पुढच्या वर्षीच्या कराचे दर महासभेला २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. एप्रिलमध्ये केलेली घोषणा त्या वर्षासाठी उपयोगाची नाही.

आमच्या मते कर कमी करण्याआधी नोंदच नसलेल्या मिळकती शोधणं आणि वाढीव बांधकामांची फेरमोजणी करणं जास्त न्यायाचं आहे. प्रामाणिकपणे भरणाऱ्यावर थकबाकीदाराचा भार पडू नये. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. ती माफ करणाऱ्या योजना वरचेवर आल्या की लोक वेळेवर भरायचंच सोडतात, हा धोकाही ओळखावा.

‘काम मंजूर झालं’ असा फलक लागला. मग काम सुरू का होत नाही?

कारण ‘मंजूर’ या एका शब्दाआड दहा पायऱ्या लपलेल्या असतात. प्रभागातून मागणी, जागेची पाहणी, प्राकलन (खर्चाचा अंदाज), अंदाजपत्रकातल्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) तरतूद आहे का याची खात्री, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, दर मंजुरी, करारनामा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. फलक बहुतेक वेळा प्रशासकीय मान्यतेवर लागतो, काम मात्र कार्यारंभ आदेशावर सुरू होतं. दोन्हींमध्ये सहा महिने सहज जातात. त्यात जून ते सप्टेंबर पावसाळा आणि मध्ये आचारसंहिता आली की वर्ष गेलं.

म्हणून नगरसेवकाने वेळापत्रक उलटं मोजावं. डांबरीकरण जानेवारीत व्हायला हवं असेल, तर पाहणी आणि प्राकलन आधीच्या पावसाळ्यातच उरकलं पाहिजे. शिवाय पाऊस पडत असताना केलेल्या पाहणीत पाणी कुठे साचतं ते डोळ्यांना दिसतं, उन्हाळ्यात दिसत नाही.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा: स्पिलओव्हर. आधीच्या वर्षांत मंजूर केलेल्या, पण पैसे न दिलेल्या कामांचा बोजा. अंदाजपत्रक कितीही मोठं दिसलं, तरी त्यातून पगार, निवृत्तिवेतन, देखभाल आणि हा बोजा वजा केल्यावर नव्या कामांना किती उरतं हाच खरा आकडा. हा आकडा न विचारता पानभर नवी कामं सुचवणारा सदस्य पुढच्या वर्षाचा बोजाच वाढवत असतो.

पहिलं प्राधान्य पाण्याला का? धरण तर भरलेलं असतं.

गंगापूर धरण भरलं म्हणजे गल्लीच्या टोकाला पाणी पोचलं असं होत नाही. शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांतून पाणी मिळतं. ते शुद्धीकरण केंद्रांत येतं, तिथून जलकुंभांत, आणि जलकुंभातून ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडून वस्तीत. अडचण बहुधा या शेवटच्या टप्प्यात असते.

पाणी कमी दाबाने येत असेल तर कारणं या क्रमाने तपासावीत. जलकुंभ सोडण्याच्या वेळी पूर्ण भरलेला होता का? रात्री तो भरलाच नसेल, तर गल्लीतली पाइपलाइन बदलून काहीही फरक पडणार नाही. मग व्हॉल्व्ह किती वेळ उघडा असतो आणि त्याची लेखी नोंद आहे का? मग त्याच वाहिनीवर नव्या इमारतींची किती जोडणी वाढली? तीस घरांसाठी टाकलेल्या तीन इंची वाहिनीवर शंभर सदनिका आल्या की टोकाची घरं कोरडीच राहणार. आणि शेवटी, नळाला थेट मोटर लावणारे किती? मोटर शेजाऱ्याचं पाणी ओढतेच, शिवाय वाहिनीत पोकळी निर्माण करून गळतीच्या भोकांतून गटाराचं पाणी आत खेचते.

गढूळ पाण्याचं मूळ बरेचदा हेच. पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं, बाकी वेळ वाहिनी रिकामी असते. जवळून फुटकी गटार जात असेल तर ते पाणी आत झिरपतं. पहिली पाच-दहा मिनिटंच गढूळ येऊन नंतर स्वच्छ होत असेल, तर गळती जवळपासच आहे असं समजावं. पूर्ण वेळ वास येत असेल, तर प्रकरण गंभीर आहे, त्याच दिवशी नमुना द्या. नळाच्या टोकाला मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असायला हवं. आरोग्य विभागाकडे क्लोरोस्कोप (क्लोरीन मोजायचं साधं उपकरण) असतो, तपासायला पाच मिनिटं पुरतात. नगरसेवकाने दर आठवड्याला प्रभागातल्या टोकाच्या पाच नळांची अशी तपासणी लावून घ्यावी आणि आकडे फलकावर लावावेत. याला वेगळा निधी लागत नाही.

माणशी दररोज १३५ लिटर हा मान्य निकष आहे. पाच जणांच्या घराला ६७५ लिटर. तुमच्या घरी पाणी येतं त्या वेळात एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि गुणाकार करा. ‘पाणी कमी येतं’ या तक्रारीपेक्षा ‘पंधरा लिटरची बादली भरायला तीन मिनिटं लागतात, पाणी पाऊण तास असतं, म्हणजे सव्वादोनशे लिटर’ ही तक्रार अभियंत्याला टाळता येत नाही.

‘गोदामाई स्वच्छ करू’ असं प्रत्येक जण म्हणतो. प्रभागात बसून नगरसेवक काय करणार?

गोदावरी रामकुंडावर घाण होत नाही. ती नासर्डीत, वाघाडीत आणि वस्त्यांमागच्या नाल्यांत घाण होते, आणि मग गोदावरीला येऊन मिळते. प्रभागातलं काम तिथेच आहे.

शहरात दोन वेगळ्या वाहिन्या असतात: सांडपाण्याची भुयारी गटार आणि पावसाळी गटार. भुयारी गटार तुंबली किंवा जवळ नसली, की कोणीतरी सांडपाणी पावसाळी गटारीत जोडून देतं. पावसाळी गटार थेट नाल्यात उघडते, शुद्धीकरण केंद्राचा संबंधच येत नाही. हे शोधण्याची पद्धत अगदी साधी आहे. एप्रिल-मेमध्ये, पाऊस नसताना, प्रभागातल्या पावसाळी गटारींची सगळी तोंडं फिरून पाहा. ज्या तोंडातून पाणी वाहतंय तिथे सांडपाणी जोडलेलं आहे. प्रत्येक तोंडाचा फोटो, जागा आणि तारीख लिहा. मग एकेक चेंबर उघडत वर जायचं आणि संशयित इमारतीच्या जोडणीत रंग टाकून तो कुठे निघतो ते बघायचं. एका प्रभागात हे काम दोन-तीन आठवड्यांत होतं.

दुसरी जागा पंपिंग स्टेशन. वीज गेली, जनरेटर चालला नाही, तर मैलापाणी ओसंडून नाल्यात जातं. जनरेटरची डिझेल नोंदवही आणि वीज खंडित झाल्याच्या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या की खरं चित्र कळतं.

तिसरी, शुद्धीकरण केंद्रांचा दर्जा. तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी, गंगापूर ही केंद्रं शहरात आहेत. जुनी केंद्रं बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर या निकषावर बांधलेली होती, आता अपेक्षा १० ची आहे. केंद्र चालू आहे एवढं उत्तर पुरेसं नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा मासिक अहवाल सभागृहात मागायला हवा. नदीत दरवर्षी पाणवेली माजतात, त्या काढण्यावर खर्च होतो. पण पाणवेली वाढतात त्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. मुळाशी न जाता यंत्रं फिरवणं म्हणजे दरवर्षी तेच बिल.

आणि एक गोष्ट ठामपणे: चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारीत माणूस उतरवणं गुन्हा आहे. ठेकेदार घाईत तसं करत असेल, तर नगरसेवकाने जागेवर काम थांबवायला लावावं. तुंबलेली गटार एक दिवस उशिरा निघाली तरी चालेल, माणूस परत येत नाही.

घंटागाडी येते, तरीही कोपऱ्यावर कचरा का दिसतो?

घंटागाडी नाशिकची जुनी आणि चांगली सवय आहे, तिला मोडू देऊ नये. कोपऱ्यावरच्या ढिगाची कारणं ठरलेली: गाडी ठरलेल्या वेळी येत नाही, दोघंही कामावर जाणाऱ्या घरांना ती गाठता येत नाही, आणि हॉटेल-भाजीवाल्यांचा रात्रीचा कचरा उचलायला कोणी नसतं. नगरसेवकाने ढिगाचा फोटो टाकण्याआधी तिथे रात्री दहा आणि सकाळी सात वाजता जाऊन कोण टाकतं ते पाहावं. उत्तर वेगळं निघालं की उपायही वेगळा.

गाडीचा जीपीएस मार्ग ठेकेदाराच्या बिलाला जोडलेला असायला हवा. गाडी न आलेल्या गल्लीचे पैसे कापले जातात की नाही, हे बिल पाहिल्याशिवाय कळत नाही. जिथे वजनावर पैसे मिळतात, तिथे कचऱ्यात माती-दगड जाण्याचा मोह असतो. म्हणून बांधकामाचा राडारोडा वेगळा उचलण्याची सोय हवीच. आणि घरात ओला-सुका वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होत असेल, तर लोकांना दंड करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. गाडीत कप्पे आहेत का आणि ते वापरले जातात का, हे आधी बघा.

दरवर्षी तोच खड्डा का पडतो?

कारण तो बुजवला जात नाही, झाकला जातो.

नीट बुजवायचा तर खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापाव्या लागतात, सैल झालेला थर पक्का भाग लागेपर्यंत काढावा लागतो, आतली माती आणि ओल घालवावी लागते, तळाला व कडांना पातळ डांबराचा हात द्यावा लागतो, मग गरम मिश्रण भरून रोलरने दाबावं लागतं. खड्डा खोल असेल तर दोन थरांत. प्रत्यक्षात पावसाच्या उघडिपीत ओल्या खड्ड्यात खडी-डांबर टाकून फावड्याने थोपटतात. डांबर ओल्या पृष्ठभागाला धरत नाही. चार दिवसांत खडी सुटते, आणि ती दुचाकीखाली येते. पावसाळ्यात तातडीचं काम करावंच लागलं तर थंड मिश्रण किंवा पेव्हर ब्लॉक हा तात्पुरता उपाय आहे, पण ऑक्टोबरनंतर तो उखडून पक्कं काम झालं की नाही याची यादी ठेवली पाहिजे.

दुसरं मोठं कारण खोदाई. गॅस, केबल, पाणी, गटार, एकामागून एक. खोदणाऱ्याकडून महापालिका रस्ता तोडफोड फी घेते. चर बुजवताना मुरूम पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, प्रत्येक थर दाबून भरायला हवा. सगळा मुरूम एकदम लोटला, की पहिल्या पावसात तो बसतो आणि रस्त्यावर लांबलचक खाच पडते. ही खाच ‘खड्डा’ नसते, तो अर्धवट भरलेला चर असतो, आणि त्याची जबाबदारी खोदणाऱ्याची असते. चर भरतानाचे थराथराचे फोटो घेतल्याशिवाय अनामत परत देऊ नये, ही अट नगरसेवकाने लावून धरावी. खर्च शून्य, फायदा मोठा.

तिसरं, दोष दायित्व कालावधी. नव्या रस्त्यावर ठरावीक वर्षं ठेकेदारानेच स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. किती वर्षं, ते करारात लिहिलेलं असतं. पण कोणत्या रस्त्याची ही मुदत कधी संपते याची यादी हाताशी नसेल, तर त्याच रस्त्यावर महापालिका पुन्हा पैसे मोजते. प्रभागातल्या सगळ्या रस्त्यांचा एक तक्ता करा: रस्त्याचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदार, दायित्व संपण्याची तारीख. नव्या नगरसेवकाने पहिल्या महिन्यात करायचं काम कोणतं असं विचारलं, तर आम्ही याच तक्त्याचं नाव घेऊ.

देखभालीवर इतका भर का? लोकांना नवीन काही दिसलं पाहिजे ना?

२१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खालावला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. रुग्णालयातली टाकी असो, जलकुंभ असो की शाळेचा जिना, तपासणी आणि देखभाल ही प्राधान्यक्रमाच्या तळाशी ढकलायची गोष्ट नाही. महापालिकेच्या प्रत्येक रुग्णालयात, शाळेत आणि जलकुंभावर शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, पुढची कधी, हे तीन रकाने दारात लावलेले असावेत.

प्रभागातला मोकळा आरक्षित भूखंड कधी विकसित होणार?

हा प्रश्न नाशिकसाठी आता अगदी निकडीचा झाला आहे. शहराचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये लागू झाला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतलेली नसली, तर जमीनमालक ‘जागा घ्या’ अशी खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण रद्द होतं. हिशेब केला तर २०२७ पासून अशा सूचना येऊ लागतील. सगळ्या जागा घ्यायला पैसा पुरणार नाही.

म्हणून आत्ताच यादी करायला हवी. प्रभागातली उद्यान, खेळाचं मैदान, शाळा, दवाखाना अशी आरक्षणं नगररचना विभागाच्या नकाशावरून उतरवून घ्या. कोणती ताब्यात आहेत, कोणत्या मालकाला पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) चालेल, कोणत्या जागेशिवाय वस्तीचं अडेल, हे लोकांसमोर ठरवा. भूसंपादनाचा पैसा कोणत्या जागेवर आधी खर्च होतो हे बंद दाराआड ठरू लागलं, की मैदानं जातात आणि गरज नसलेल्या जागा विकत घेतल्या जातात.

सिंहस्थाच्या कामांत नगरसेवकाला काय म्हणायला वाव आहे?

ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. नियोजनासाठी राज्याने २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमलं, त्यामुळे मोठे निर्णय महासभेबाहेर होतात. तरी वाव आहे. सिंहस्थात बांधलेली प्रत्येक गोष्ट नंतर महापालिकेच्या गळ्यात येते: रस्ते, पूल, केंद्रं, शौचालयं, दिवे. प्रत्येक कामाच्या मंजुरीवेळी एकच प्रश्न लावून धरावा, २०२८ पासून याच्या देखभालीचा वार्षिक खर्च किती आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून?

झाडांबद्दलही. तपोवनातल्या साधुग्रामासाठीच्या (साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठीच्या) वृक्षतोडीविरुद्ध २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले, ते योग्यच होतं. वृक्ष प्राधिकरणावर नगरसेवक असतात. झाडांवर नोटीस लागल्यावर मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते, नंतरच्या आंदोलनापेक्षा तिचं कायदेशीर वजन जास्त.

सिटीलिंकचा तोटा होतो. बंद करावी का?

नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या महापालिकेच्या या शहर बससेवेत ठेकेदाराला किलोमीटरवर पैसे मिळतात, तिकिटांतून न भरलेली रक्कम महापालिका देते. शाळा-कॉलेजची मुलं आणि सातपूर-अंबडचे कामगार यांच्यासाठी हा खर्च योग्य आहे. तपासायचं ते एवढंच: रिकाम्या धावणाऱ्या फेऱ्या कोणत्या, आणि चालक-वाहकांचे पगार ठेकेदार वेळेवर देतो का. पगार थकले की संप होतो आणि प्रवासी रिक्षाकडे वळतात, ते परत येत नाहीत.

डेंग्यू वाढला की धूर फवारणीची मागणी करावी का?

धुराने उडणारे डास मरतात, अळ्या नाही. अळीपासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाक्या, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा कोरड्या करणं हाच उपाय. बांधकामावरचं साठलेलं पाणी आणि सोसायट्यांच्या तळघरांतले खड्डे नगरसेवकाने स्वतः फिरून दाखवून द्यावेत.

नगरसेवकाकडून हिशेब कसा घ्यायचा?

कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदान केंद्रांच्या परिसरानुसार नागरिकांची सभा. उमेदवाराने ती घेण्याचं लेखी वचन द्यावं. दर सहा महिन्यांनी, रविवारी, शाळेच्या पटांगणात: किती मागण्या दिल्या, कितींना मान्यता, कितींना कार्यारंभ आदेश, कोणती रखडली आणि कोणाकडे.

कागद मिळवण्याचे मार्ग: ‘एनएमसी ई-कनेक्ट’ ॲपवर तक्रार करून क्रमांक जपा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपये शुल्कात, एका विषयावर, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. पण ‘सगळ्या रस्त्यांची माहिती द्या’ असा अर्ज करू नका, तो फेटाळला जातो किंवा हजार पानांचं शुल्क मागितलं जातं. ‘अमुक रस्त्याचं प्राकलन, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती’ असं नेमकं मागा. शिवाय दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत कागदपत्रं प्रत्यक्ष पाहण्याची मुभा राज्य सरकारने दिलेली आहे. मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी वहीत उतरवून घ्या आणि टेप घेऊन रस्त्यावर जा.

उमेदवाराचे नातेवाईक ठेकेदार असतील तर?

महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरू शकतो. दुसऱ्याच्या नावावर घेतलेलं काम पकडणं अवघड, पण खुणा दिसतात: एकाच रस्त्याचे तीन तुकडे पाडून तीन छोट्या निविदा, दरवेळी तेच दोन-तीन ठेकेदार, आणि ऐनवेळी जादा विषय म्हणून आलेला प्रस्ताव. ज्याला हे टाळायचं आहे, त्याने अर्ज भरतानाच कुटुंबातल्या कोणाचे महापालिकेशी व्यवहार आहेत ते जाहीर करावं.

दारात आलेल्या उमेदवाराला वेळ कमी असताना एकच प्रश्न विचारायचा तर कोणता?

‘आपल्या प्रभागाला पाणी कोणत्या जलकुंभातून येतं, आणि तो किती वाजता सोडतात?’ ज्याला हे माहीत आहे, तो प्रभागात फिरलेला आहे. ज्याला माहीत नाही, त्याला आठवड्याभरात शोधून परत यायला सांगा, आणि तो परत येतो का ते पाहा.